इस्त्री उचलायची जागा

गुंडू राऊळ हा झीलकरी. आता झीलकरी म्हणजे कोण ते आधी लिही बाळा, नाहीतर पुण्याकडच्या माणसाला कळायचं नाही. कोकणात भजनाला बुवा बसतो पेटीवर. तो ओळ म्हणतो, आणि मागे बसलेले सगळे ती ओळ उचलून परत म्हणतात. त्या उचलण्याला झील म्हणायचं. नाव होतं ते बुवाचं. झीलकऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. पण झील वेळेवर आली नाही ना, तर केवढाही मोठा बुवा असू दे, दोर तुटलेल्या कळशीसारखा खाली जातो.

गुंडूने जन्मभर झीलच दिली. आधी कुडाळकडच्या त्याच्या गावात, आणि मग बहारीनला आल्यावर इथल्या मंडळीत. मनामा शहरात एका खोलीत हे सगळे आपल्याकडचे राहायचे, कोण सुतार, कोण गवंडी, कोण एसीवाला, आणि शुक्रवारी सुट्टीला भजन. गुंडू मिनीबस चालवायचा. हॉटेलांच्या लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांना सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. भजनाला बसला की झांज घेऊन मागच्या रांगेत भिंतीला टेकायचा आणि बुवाच्या मानेकडे बघत राहायचा. बुवाची मान हलली की झील. त्याच्या आधी नाही, मागून नाही.

माणूस काळजीखोर. भित्रा नव्हे हो, काळजीखोर. बसचं दार लावलं की परत उतरून बघायचा, लागलंय का. खिशातलं सीपीआर कार्ड, ते इथलं ओळखपत्र, दर सिग्नलला चाचपायचा. मागे बसलेल्या बायका हसायच्या.

"गुंडूदादा, कार्डाक पाय फुटाक नाय अजून. गाडी चालवा."

गावाला फोन लावला आणि दीप्तीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पटकन उचलला नाही, की ह्याच्या डोळ्यांपुढे अख्खं हॉस्पिटल उभं राहायचं. ती बिचारी अंगणात कपडे वाळत घालत असायची.

अशा माणसाच्या वाट्याला ते गाणं आलं बघ.

झालं असं. एका सकाळी सीफ भागाकडे, हॉटेलांच्या बाजूला जाताना त्याला गाडीत कसलासा आवाज ऐकू आला. घूंऽऽ करून यायचा, मध्येच थांबायचा, परत यायचा. झालं, गुंडूची काळजी सुरू. फॅन गेला असेल, पट्टा घासत असेल. त्याने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं. आवाज बंद. परत बसला, गाडी सुरू केली, थोडं पुढे गेला की परत घूंऽऽ. परत थांबला. परत बंद. बायकांची शिफ्ट चुकायला आली.

"मेल्या, जातंस का उतरून चलत जाव?" मागून कोणीतरी म्हणाली.

"गाडी आवाज करता."

"गाडी नाय रे," त्याच्या अगदी पाठच्या सीटवरची बाई म्हणाली. "मी करतंय. तू गाडी थांबवलंस काय मी पण थांबतंय. माका वाटला तुका तरास होता."

ती रंभा. रंभा तांडेल, वेंगुर्ल्याची. पन्नाशीला टेकलेली, हाडापेराने दणकट, आवाज जाडाभरडा. नवरा समुद्रात गेलेला, मुलगी नांदायला गेलेली. सीफच्या एका हॉटेलात चादरींना इस्त्री करायची, सगळा दिवस उभ्याने. चादर ती केवढी, दोन माणसं आडवी निजतील एवढी. आणि इस्त्री करता करता ती गाणी म्हणायची. ऐकलेली नव्हे. स्वतःची.

त्या दिवसापासून गुंडूने गाडीतला रेडिओ लावायचं सोडलं. कान मागे ठेवून गाडी चालवायचा. पहिल्यांदा त्याला दोनच ओळी कळल्या.

चादर केली सपाट रे देवा… घडी घातली चार,
कोण निजतला तिच्यार देवा… तुकाच ठाव सार.

शब्द काय, साधेच. पण चाल. गुंडूने आयुष्यात एवढी भजनं ऐकली, बुवा ऐकले, बाऱ्या, म्हणजे बुवांचे सामने, ऐकल्या, अशी चाल नाही ऐकली. सावकाश जायची, जड जायची, आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर एकदम गप्प व्हायची. दम घ्यायला नव्हे. गाणं चालूच असायचं, फक्त आवाज नसायचा. आणि मग दुसरा तुकडा असा अलगद खाली यायचा की अंगावर काटा.

एक दिवस धीर करून त्याने विचारलं, "रंभाबाय, मधी थांबतंस ती कित्याक?"

"ती इस्त्री उचलूची जागा," रंभा म्हणाली. "दाबत नेली, नेली, नेली, मगे उचलूक होयी का नको? उचलताना कोण बोलता काय? हात भाजात."

गुंडूला ते गणित काही मोजून जमेना. तो पडला झीलकरी, गप्प बसायची सवय नाही. झीलकरी म्हणजे मोकळी जागा दिसली की भरायची. पण रस्त्यावर उंचवटा आला की अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागतो ना, तसं त्याने ते बसवलं. जागा आली की मनातल्या मनात पाय उचलायचा. असं करत करत शिकला.

पुढे त्या हॉटेलने लाँड्री झल्लाकला हलवली, समुद्राकडच्या त्यांच्या दुसऱ्या हॉटेलात. वाट लांबली. बायका कुरकुरल्या, गुंडू मनातून खूश. सीफच्या वाटेवर दोन ओळी व्हायच्या, झल्लाकच्या वाटेवर अख्खं गाणं व्हायला लागलं. तिसरी ओळ तिथेच कधीतरी वाळवंटातल्या तारांच्या कुंपणाशी जन्माला आली.

माझी नीज रवली गावाक देवा… बसली धरून दार.

ती ओळ आली तेव्हा बसमध्ये एरवी फोनवर बोलणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. गुंडूला समोरचा रस्ता नीट दिसेना.

आता एवढं चांगलं काहीतरी आपल्याला सापडलं की माणूस काय करतो? दुसऱ्याला सांगतो. गुंडू सांगत सुटला. पहिला सांगितला खिजरला. हा खिजर त्याच कंपनीत ड्रायव्हर, लाहोरकडचा, मोठा गाण्याचा शौकीन. गुंडूने त्याला पार्किंगमध्ये स्वतःच्या फाटक्या आवाजात म्हणून दाखवलं. खिजर डोळे मिटून ऐकत होता.

"अच्छा है, यार. बहुत अच्छा. पर ढोल कब आएगा?"

"ढोल नहीं आएगा."

"फिर ये बीच में रुक के किसका इंतज़ार कर रहे हैं?"

खोलीतल्या मंडळींना सांगितलं तर ती म्हणाली, ह्या काय, नेटवर्क गेल्यासारखा मधीच बंद पडता. दीप्तीला फोनवर ऐकवलं. तिने एकदा परत म्हणायला लावलं. गुंडूला वाटलं, हिला आवडलं.

"कोण ती?" दीप्ती म्हणाली.

"कोण म्हणजे? रंभा. लाँड्रीतली."

"रोज बसता तुमच्या पाठी?"

"अगो, पन्नाशीची बाय ती. चाल बघ तू, चाल."

"चालच बघतंय मी," दीप्तीने म्हटलं, आणि फोन ठेवला. मग दोन दिवस गुंडूला ती एक वेगळीच काळजी.

आणि गणपती तोंडावर आले असताना खबर आली. लाँड्रीचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं. बायकांचे व्हिसे संपले की नवे करणार नाहीत. रंभाचा तर संपतच आला होता. तिने बसमध्ये चढता चढता सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

"रविवारचा तिकीट इला. खलास."

"आणि मगे?"

"मगे काय. घराक जातलंय. गावाक कोणाच्या चादरींक इस्त्री लागता रे? हात रिकामी, गाणा पण रिकामी."

ती सहज बोलली, पण गुंडूच्या काळजात ते रुतलं. म्हणजे हे गाणं रविवारी विमानात बसणार, आणि तिकडे उतरणारच नाही. फोनमध्ये धरून ठेवलं असतं की, तुम्ही म्हणाल. धरलं होतं त्याने, तिला विचारून. पण गाडीचा घरघराट, बायकांचं खोकणं, आणि मुख्य म्हणजे ती मोकळी जागा. फोनमध्ये ती जागा नुसती बंद पडल्यासारखी वाटायची. समोर माणूस बसलेला दिसला पाहिजे, त्याने हात उचललेला दिसला पाहिजे, तेव्हा कळतं. गुंडूला एकच लागलं मनाला. चार माणसांसमोर, एकदा तरी, हे गाणं नीट म्हटलं जायला हवं. झील घेऊन. ती जायच्या आधी.

चार माणसं म्हणजे बुदैयाला विवेक आणि मेधाच्या घरी. विवेक इंजिनिअर, मूळचा सावंतवाडीचा, मेधा पुण्याची. बुदैयाला त्यांचा मोठा व्हिला, आणि दरवर्षी गणपती बसला की शुक्रवारी मंडळींचं भजन तिथेच. सगळ्या बहारीनमधली मराठी माणसं येतात, बँकेतली, ऑफिसातली. मोदक असतात ना.

पण भजन बुवाचं. आणि बुवा दत्तप्रसाद. एसीचं काम करायचा, पण पेटीवर बसला की राजा. गळा गोड, बोटं सळसळती, आणि त्याचा गजर म्हणजे काय, शेवटी शेवटी इतका जलद न्यायचा की म्हातारेसुद्धा उठून नाचायचे. गुंडू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बुवाकडे काहीतरी मागायचं होतं, रंभाला भजनात एक गाणं म्हणू द्या, एवढंच.

"बायल?" दत्तप्रसाद म्हणाला. "आमच्या बारीत?"

"बारी खय असा बुवा. घरचा भजन ता."

"गुंड्या, तू झील देतंस ता दी. आता गाणारे पण तूच हाडतलंस?"

"एकच गाणा, बुवा. ती रविवारी जाता."

दत्तप्रसादने पेटीवरची धूळ पुसली. माणूस वाईट नव्हता, त्याला गुंडूची गंमत वाटत होती. "बरां. आरतीच्या आधी. विवेकच्या घरासमोरच्या मशिदीत सांजेची बांग झाली काय आम्ही थेट आरती घेतंव, ता तुका ठावक असा. त्याच्या आधी जा काय ता. आणि पडला, तर पुढच्या वर्षापासून तू झांज धरूची नाय. सगळ्यांचे पिशये धरूचे."

सगळे हसले. गुंडूही हसला. पण रात्री त्याला जेवण गेलं नाही.

कारण त्याला खरी भीती बुवाची नव्हतीच. खरी भीती होती आपल्याच माणसांची, झीलकऱ्यांची. त्याला आपली जात ठाऊक. जागा मोकळी दिसली की भरणार. आणि जरा ताल बसला की हात दुप्पट चालवायला लागणार, कारण जन्मभर तेच केलंय, गाणं म्हणजे चढत जायचं. गुरुवारी खोलीवर त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं. जागा आली की पाय उचला. मृदंगवाला म्हणाला, आमी काय ड्रायव्हर? बाकीच्यांनी माना हलवल्या, पण नजर शिजणाऱ्या भातावर.

शुक्रवार उजाडला. रंभाला सुट्टी नव्हती. हॉटेलात कुणाचं तरी मोठं लग्न, टेबलांच्या चादरी, खुर्च्यांची कापडं, सगळं इस्त्रीला. दुपारी सुटणार होती. गुंडू अर्धा तास आधीच झल्लाकला जाऊन उभा राहिला. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावू नये, वर समुद्राची चिकचिक. रंभा येईना. त्याने कार्ड चाचपलं, दार बघितलं, चाकं बघितली. फोन केला, उचलेना. शेवटी न राहवून लाँड्रीच्या मागच्या दारात गेला. आत वाफच वाफ, आणि वाफेत रंभा, पाठ दिसत होती.

लाँड्रीवरची बाई उमैमा, ती इथलीच बहारीनी, दारात आली. "क्या है?"

"मॅडम, रंभा को… भजन है. प्रेयर. गणपती."

"कितना टाइम से खड़ा है तू?"

"थोड़ा."

उमैमाने त्याच्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे बघितलं, मग उरलेल्या कापडांच्या ढिगाकडे, आणि आत वळून हाक मारली. "रंभा, खलास. यल्ला, चलो. बाकी मैं देखती हूँ." आणि गुंडूला म्हणाली, "वो गाती है ना, वही? मेरा भी बोल देना उधर." काय बोल देना ते तिने सांगितलं नाही.

रंभा आली ती तशीच, गळ्यापर्यंत लाल झालेली, हातात पिशवी, पिशवीत लुगडं. बस बुदैयाच्या हायवेला लागली आणि गाड्यांची रांग. शेताबागांच्या बाजूला शुक्रवारची सगळी माणसं निघालेली. गाडी हाताएवढी सरकायची आणि थांबायची. सूर्य खजुराच्या झाडांमागे उतरायला लागला. गुंडूची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती, आणि तो ताल जलद होत चालला होता, त्याच्या लक्षातही आलं नाही.

"गुंडूदादा," रंभा मागून म्हणाली, "हात थांबव."

"बांग होयत, रंभाबाय. बांग झाली काय आरती."

"मगे होयत. माका काय कोण हार घालणार होतो?"

"तुका नाय गो. गाण्याक."

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "एक सांगतंय. त्या जागेर कोण बोललो, तर मी थांबतलंय. माझ्यान फुडे जावक नाय जमाचा. माका तसाच येता."

म्हणजे आणखी एक काळजी.

पोचले तेव्हा भजन भरात होतं. हॉल गच्च. एसी पूर्ण लावलेला, तरी माणसांचा उबारा. पुढे मखरात गणपती, त्याच्यासमोर दत्तप्रसाद घामाने चमकत होता. रंभा आतल्या खोलीत जाऊन लुगडं नेसून आली. मेधाने तिला पाणी दिलं, म्हणाली, "मावशी, बसा ना, आधी दोन मोदक खा." रंभा म्हणाली, "नको गो, गळो चिकटतलो."

दत्तप्रसादने गजर संपवला, टाळ्या झाल्या, त्याने मागे वळून गुंडूकडे बघितलं. "हाडलंस? बसव."

रंभा पेटीच्या बाजूला बसली. बँकेतल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या, वाईट म्हणून नव्हे, त्यांना वाटलं ही आता आरतीच्या आधीची काहीतरी ओवी म्हणणार. मुलं तर उठायलाच लागली होती. एक पोरगी आईला म्हणाली, "मम्मा, इज इट ओव्हर?"

गुंडू मागे भिंतीशी बसला. झांज हातात. नजर रंभाच्या हातावर.

रंभाने हात पुढे नेला, जसा इस्त्रीवर असतो तसा, आणि उचलली ओळ. चादर केली सपाट रे देवा… आणि थांबली. हात वर. गुंडूने मनातला पाय उचलला. मृदंगवाला गप्प राहिला. शाबास, गुंडूला वाटलं. घडी घातली चार. झील आली, बरी आली. दुसरी ओळ. माणसं माना वर करून बघायला लागली. आणि गुंडूला वाटलं, होतंय, होतंय, आणि ते होतंय म्हणता म्हणता त्याच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की बस. तीच ती गाडीतली बोटं. त्याची स्वतःची झांज दुप्पट चालायला लागली. झीलकऱ्यांना तेवढंच पाहिजे होतं. मागून टाळी चढली, मृदंग चढला, कुणीतरी त्या मोकळ्या जागेत "हरी" म्हणून आरोळी ठोकली, दत्तप्रसादची बोटं पेटीवर पळाली. आणि रंभा थांबली.

तिने हात मांडीवर ठेवला. मंडळी आणखी थोडी पुढे पळत गेली, मग त्यांना कळलं की पुढे कुणी नाही. एकेक आवाज पडत गेला. झांज सगळ्यात शेवटी थांबली, आणि ती गुंडूचीच होती.

अख्खा हॉल गुंडूकडे बघत होता, निदान त्याला तसं वाटलं. ज्या गोष्टीसाठी त्याने सगळ्यांना बजावलं, ती त्यानेच केली. दुसऱ्या कुणी नाही. दत्तप्रसाद मागे न वळता हळूच म्हणाला, "पिशये धर."

आणि तेवढ्यात समोरच्या मशिदीतून सांजेची बांग सुरू झाली.

आता ह्या घरात एक रीत. बांग सुरू झाली की वाद्यं खाली. शेजार आहे, वर्षानुवर्षांचा आहे, ते आपल्या गणपतीला खजूर पाठवतात. कुणी सांगावं लागत नाही. मृदंग बाजूला झाला, पेटीचा भाता मिटला, झांजा फडक्यावर. सगळे गप्प बसले, मुलंसुद्धा. बांग सावकाश चालली होती, एक हाक, मग मोकळी जागा, मग दुसरी हाक. गुंडू खाली बघत बसला होता. त्याला ते ऐकता ऐकता काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने आपली झांज फडक्यात गुंडाळली, आणि मांडीखाली घातली. वर बसला तिच्यावर.

बांग संपली. मेधाने निरांजन पेटवायला घेतलं. दत्तप्रसादने पेटीकडे हात नेला, आरतीचा सूर द्यायला. माणसं उठायला लागली.

आणि रंभाने, कुणाला न विचारता, परत हात पुढे नेला. वाद्य एकही हातात नव्हतं. नुसता तिचा तो जाडाभरडा आवाज.

चादर केली सपाट रे देवा…

जागा आली. हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज. उठणारी माणसं अर्धवट उठलेली, तशीच. गुंडूला वाटलं आता कुणीतरी बोलणार, आता कुणीतरी खोकणार.

घडी घातली चार.

आता झील. आणि झील येईना. बुवाची मान हललेली नाही, मग झील देणार कोण? मंडळी बुवाकडे बघतायत, बुवा पेटीवर हात ठेवून बसलाय. रंभा एकटीच, खालच्या सुरात लोंबकळत. गुंडूने आयुष्यात बुवाच्या मानेआधी तोंड उघडलं नव्हतं. पण कळशी खाली जाताना दिसत होती की. त्याने उचलली. एकट्याने, फाटक्या गळ्याने, भिंतीशी बसून, सावकाश. चादर केली सपाट रे देवा… पाय वर. घडी घातली चार.

रंभाने वळून पाहिलं नाही. पण तिचा हात आणखी सावकाश झाला. दुसऱ्या ओळीला मृदंगवाल्याने झील दिली, नुसत्या गळ्याने. मग सुताराने. ती तिसरी ओळ आली, माझी नीज रवली गावाक देवा… आणि त्या जागेला बघ बाळा, त्या एवढ्या हॉलात, बँकेतले, ऑफिसातले, खोलीवरचे, सगळे एकदम गप्प. निरांजन मेधाच्या हातात तसंच जळत होतं. कितीतरी जणांची नीज गावाला राहिलेली, त्या जागेत ज्याने त्याने आपलं दार बघितलं असणार.

बसली धरून दार.

त्या झिलीत दत्तप्रसादचा गळा होता. तो गोड गळा लपत नाही. पेटी मिटलेली, बुवा झील देत होता.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आरती थोडी उशिरा झाली, एवढंच. मोदक खाताना ती मघाची हसणारी बाई रंभाजवळ येऊन म्हणाली, "हे कुठे ऐकायला मिळेल हो?" रंभा म्हणाली, "झल्लाकच्या बसमधी. पण आता नाय." विवेकने गुंडूच्या खांद्यावर हात ठेवला. आणि दत्तप्रसाद हात धुता धुता म्हणाला, "गुंड्या, झांज खय तुझी?"

"मांडीखाली."

"थयच ठेव. असल्या गाण्याक थयच बरी."

रविवारी त्यानेच तिला मुहर्रकला विमानतळावर सोडलं. दार दोनदा बघितलं, तिचं तिकीट तिच्याहून जास्त वेळा बघितलं. ती आत जाताना म्हणाली, "गुंडूदादा, आता तरी घोर करू नको. इतक्यांनी ऐकला ना." तो म्हणाला, नाय करणंय.

पण करतोच. सोमवारी बसमध्ये ती सीट रिकामी, आणि मागे दोघी जणी तेच गाणं गुणगुणत होत्या. उंचवट्यावर त्याने पाय उचलला, त्या दोघीही बरोबर तिथेच थांबल्या. त्याला बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. आज ह्या थांबल्या, उद्या कुणीतरी भरून टाकील. तसंच झालं. गुदैबियाच्या एका खोलीवर कुणीतरी ते मृदंगावर चढवून जलद म्हणायला लागलं, खिजरने येऊन सांगितलं, "मुबारक हो, ढोल आ गया."

गुंडू त्या रात्री जेवला नाही. आणि पुढच्या शुक्रवारी झांज खोलीवर ठेवून गुदैबियाला गेला. ओळख ना देख, दार वाजवलं. आता दर शुक्रवारी तो असा कुठल्या ना कुठल्या खोलीवर असतो. भिंतीशी बसतो, गाणं म्हणू देतो, आणि ती जागा आली की मागून हळूच सांगतो, "हय गप रवायचा. ही इस्त्री उचलूची जागा." लोक विचारतात, गाणं तुझं काय रे? तो म्हणतो, नाही. रंभाचं. वेंगुर्ल्याची रंभा तांडेल. नाव नीट लक्षात ठेवा, म्हणतो, आणि दोनदा वदवून घेतो.